चौथ्या दिवसाचा फोन

आई जाऊन सतरा दिवस झाले होते. मामाच्या दवाखान्यातला तिचा खण रिकामा करायला मी दोउनान गावी गेले, बाहीवर सुतकाचं कापड टाचलेलंच. बाकावरच्या एका बाईने मला पाहून आपलं मूल जवळ ओढलं.

"ते कापड जरा खिशात ठेव ना, पेइ-शान," मामा तपासणीच्या खोलीतून डोकावून म्हणाला. "पेशंट बिचकतात."

"बिचकू देत."

एकतीस वर्षं आई इथे गोळ्या कुटून पुड्या बांधत होती. लहानपणी तिचा घसा सुजला, तीन दिवसांच्या औषधाने ताप उतरला आणि घरच्यांनी पुढचं औषध आणलंच नाही. महिन्याभरात सांधे धरले, मग हृदयाची झडप खराब झाली ती कायमची. त्या झडपेपायीच आई गेली. आमच्याकडे दवाखाने अजूनही एका वेळी तीनच दिवसांचं औषध देतात. म्हणून घशात तोच जंतू सापडलेलं मूल आलं की आई त्याचं नाव वहीत लिहायची, आणि चौथ्या, सातव्या, दहाव्या दिवशी घरी फोन करायची. "ताप गेला ना? छान. आता पुढच्या पुड्या न्यायला या."

खणात चष्मा होता, खारवलेल्या आलुबुखारांची पिशवी होती आणि ती वही. शेवटची नोंद ती इस्पितळात गेली त्या दिवसाची. पुढची पानं कोरी.

टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला.

"च्युए बाई का? अहो, आहात कुठे तुम्ही?" एक म्हातारा आवाज चिडून म्हणाला. "आमच्या यु-थोंगला परत ताप भरलाय. औषध नेऊन सहा दिवस झाले, तुमचा फोन नाही काही नाही. मला वाटलं, औषध संपलं म्हणजे संपलं!"

"एक मिनिट थांबा हं, आजी."

मी फोनवर हात दाबला. "मामा, यु-थोंगला काय दिलंस?"

"अझिथ्रोमायसिन. तीन दिवस, रोज एकदा. गोड असतं, पोरं चाटून खातात."

"नेहमीचं अमॉक्सिसिलिन का नाही? तिला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे?"

"नाही. पण अमॉक्सिसिलिन म्हणजे दहा दिवस, दवाखान्याच्या चार फेऱ्या. ताप उतरल्यावर कोण येतंय?"

"आईने फोन केला की येत होते."

"ताई पुड्या बांधायची. डॉक्टर मी आहे."

हे वाक्य आईने त्याच्याकडून किती वेळा ऐकून घेतली असेल! औषधांवरचे लेख ती माझ्याकडून वाचून घ्यायची, जेवणाच्या टेबलावर, पुन्हा पुन्हा. साध्या, स्वस्त अमॉक्सिसिलिनपुढे हा जंतू अजून टिकलेला नाही. त्या गोड औषधाला मात्र तो कित्येक ठिकाणी दाद देत नाही. मामाला हे माझ्याआधीपासून माहीत होतं.

"कधीपासून देतोयस?"

त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात कोंबला.

"ती इस्पितळात गेल्यापासून ना?"

"अगं, फोन करायला माणूस कुठे होतं?"

"फोन करायला माणूस नाही म्हणून औषध बदललंस?" मी आवाज न चढवता विचारलं. "दिवसाला एक फोन, मामा. तेवढंही तुला जड झालं?"

"बरं, आजीला सांग, पोरीला आजच घेऊन या म्हणावं."

"मी नाही सांगणार. औषध तू दिलंस."

मी फोन त्याच्यासमोर धरला. बाकावरची माणसं बघत होती. त्याने तो घेतला.

"आजी, मी डॉक्टर त्साय... नाही, ताई नाहीये. ताई गेली, आजी. सतरा दिवस झाले." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आजी, मी दिलेलं औषध लागू पडलं नाही. हो, माझंच चुकलं. आत्ताच घेऊन या तिला. परत तपासतो, दुसरं देतो, ते मात्र पुरे दहा दिवस घ्यायचं... फोन कोण करणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, याची तो वाट पाहत होता. मी वहीचं कोरं पान उघडून पेनासकट त्याच्यासमोर सरकवलं.

"मी करेन," तो फोनमध्ये म्हणाला.

आईचा चष्मा आणि आलुबुखारांची पिशवी मी पर्समध्ये टाकली. तो यु-थोंगचं नाव लिहीत होता, डॉक्टरी अक्षरात. मी वही फिरवून पाहिली.

"नीट लिही," मी म्हटलं. "वाचता येत नाही."