राबाची पाळी

वनपाल रघुनाथ भोपी तांबडमाळाच्या चढावर मोटारसायकल घालत होता, तेवढ्यात वरून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला. सलग, न थांबता. म्हणजे धूर दिसला होता. त्याने घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. यायचं होतं सकाळी सातला.

तांबडमाळ ही बारवीच्या रस्त्यावरून आत गेल्यावर डोंगराच्या सोंडेवर लागणारी ठाकरांची वाडी. चाळीस घरं. तिच्यासारख्या सात वाड्यांत वणवा रोखायचं काम तीन वर्षांपासून भोपीकडे होतं. फेब्रुवारीत लोकांना घेऊन जाळरेषा काढायच्या, म्हणजे जंगलाच्या कडेने पंधरा हातांची पट्टी गवत कापून, पाला झाडून उघडी बोडकी करायची. टेकडीवर पहारा ठेवायचा. आणि सगळ्यात नाजूक काम राबाचं. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, टहाळ पसरून लोक उन्हाळ्यात भाजतात, आणि बरेच वणवे तिथूनच सुटतात. आधी त्यासाठी केस व्हायची, त्यामुळे लोक चोरून भाजायचे. भोपीने वरिष्ठांशी भांडून पाळी लावून घेतली. ज्याचा राब त्याचा दिवस ठरलेला, सकाळी वारा उठायच्या आत भाजायचं, वीस माणसं हिरव्या फांद्या घेऊन भोवती उभी राहायची, आणि वनपाल हजर असल्याशिवाय काडी ओढायची नाही. दोन उन्हाळे डोंगर काळा झाला नव्हता. सन शहाण्णवचा हा तिसरा.

वाडीतल्या चांगुणाची पाळी त्याने दोनदा पुढे ढकलली होती. एकदा मोठ्या साहेबांचा दौरा निघाला, एकदा अंबरनाथला बैठक. शनिवारी नक्की येतो, असा निरोप त्याने पाठवला होता. आणि शनिवारी सकाळी ऑफिसात त्याला बसवून ठेवलं, कारण वणवा रोखायच्या योजनेचा तिमाही अहवाल त्याच दिवशी ठाण्याला जायचा होता.

वाडीच्या तोंडाशी सखा पहारेकरी धावत आला. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. जाळरेषांचं निम्मं काम त्याच्याच भरवशावर चालायचं.

"चांगुणीचा राब सुटला, साहेब. खालच्या गवतात शिरला."

"एकटीने लावला?"

"आकरा वाजेपर्यंत वाट बघितली तिनं. माणसं जमलेली, ती कटाळून गेली. परवापासून ती पालेगावला बिल्डिंगच्या कामावर जाणार. मग करल काय?"

चांगुणा आणि तिची मुलगी सोनी खालून चढून येत होत्या. चांगुणाच्या हाताची कातडी सोलली होती, तरी फांदी सुटली नव्हती.

"वारा नव्हता हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लावला तवा पान हलत नव्हतं."

आता पश्चिमेचा वारा उठला होता. गवत कमरेएवढं, आणि आगीला चढ मिळाला की ती माणसापेक्षा जोरात पळते. मध्ये जाळरेषा होती, पण भोपीने वरून पाहिलं, तर ती पुरणार नव्हती. जळती पानं उंच उडून पुढे पडत होती. पंधरा हात त्यांना काहीच नव्हते. रेषेच्या अलीकडे खात्याने लावलेली सागाची रोपं, आणि त्यांना लागून पहिली घरं, गवताच्या छपरांची.

"सगळ्यांना बाहेर काढा. म्हातारी माणसं आधी, मग गुरं," तो ओरडला. "तळ्याकडे चला."

"भिकी आजी हलत नाही," कोणीतरी म्हणालं. "उचला तिला!" भोपी म्हणाला.

सखाने भोपीचा दंड धरला. "साहेब, समोरून आग द्यायला पायजे. घराच्या कडेच्या पायवाटेवरून. ती खाली जाईल, ही वर येईल, मधी खायला काय नाय उरणार."

"मध्ये रोपवन आहे."

"जाईल ते."

वनकर्मचाऱ्याने जंगलाला आग लावायची नाही, हा नियम भोपीला पाठ होता. ती रोपं त्यानेच मोजून घेतली होती. आणि नेम चुकला तर घरं त्याच्या हाताने जळणार होती.

"लावा," तो म्हणाला.

"आता नाय. आता लावली तर आपल्याच अंगावर येईल."

सखा पायवाटेवर उकिडवा बसला. मागे तीस-पस्तीस माणसं फांद्या घेऊन ओळीने उभी राहिली. सखाने चिमूटभर राख उडवली. ती घरांकडे गेली. आगीचा आवाज आता कापड फाडल्यासारखा येत होता. एक ससा त्यांच्या पायांमधून पळाला. दुसरी चिमूट, तीही घरांकडेच. भोपीच्या चेहऱ्याला चटका बसू लागला. मागे बायका रडत होत्या.

"सखादादा, लावा आता!"

"थांबा. मोठी आग हवा खेचती. खेचू द्या."

तिसरी चिमूट हवेत क्षणभर लोंबकळली आणि आगीच्या दिशेने सरकली.

"आता!"

पायवाटेच्या लांबीभर काड्या ओढल्या गेल्या. छोट्या ज्वाळा आधी घुटमळल्या. एके ठिकाणी आग मागे वळली, तेव्हा चांगुणाने तिच्यावर फांदी आपटली, भोपीने बूट. मग ती सगळी रांगच खाली ओढली गेली. रोपवनाच्या मधोमध दोन्ही आगी भिडल्या, झाडाच्या उंचीचा एक लोळ उठला, आणि पाच मिनिटांत तिथं फक्त धूर राहिला. शेवटच्या घराच्या छपराने पेट घेतला होता, ते पोरींनी हंडे ओतून विझवलं.

भोपी खाली बसला. चांगुणा समोर येऊन उभी राहिली.

"माझं नाव लिवा, साहेब. मीच लावली."

"तुम्ही लावली खरी," तो म्हणाला. "पण तीन वेळा दिवस ठरवून मी वेळेवर आलो नाही. तेही लिहीन."

अहवालात त्याने तसंच लिहिलं. समोरून आग लावायचा हुकूम आपला होता, हेही लिहिलं. रेंजर कागद वाचून म्हणाले, "भोपी, अज्ञात इसम लिहून टाक ना. कोणाचंच काही जाणार नाही."

"मग पुढच्या वर्षी परत हेच होईल, साहेब. वनपाल येईपर्यंत थांबायचं, हा नियमच चुकीचा आहे. तो मी केलाय."

नोटीस आली, पुढे वेतनवाढ थांबली. कात्रपच्या घरी बायको दोन दिवस धड बोलली नाही. चांगुणाला समज देऊन सोडलं.

आगीनंतरच्या आठवड्यात शेजारच्या वाडीत तीन राब उरले होते. भोपी सहालाच पोचला, तर पहिला राब अर्धा भाजून झाला होता. माणसं भोवती उभी होती. सखाने सगळ्यांना बोलावून पाळ्या स्वतःच ठरवल्या होत्या. भोपीला कोणी विचारलं नव्हतं. क्षणभर त्याला राग आला.

"वारा साडेआठला उठल," सखा म्हणाला. "तुमची वाट बघण्यात येळ गेला असता."

"बरोबर आहे."

"ती बाजू मोकळी हाय. तिथं उभं राहा."

कोणीतरी त्याच्या हातात ऐनाची हिरवी फांदी दिली, आणि भोपी दाखवलेल्या जागी जाऊन उभा राहिला.