माझ्या पोटातला कागद

मित्रांनो, मी एक जुने अमेरिकन घड्याळ आहे. लंबकाचे, किल्लीचे. गेल्या जानेवारीत एका शनिवारी माझे काळीज काढून फेकले जाणार होते.

माझा जन्म कनेक्टिकटमधल्या एका कारखान्यातला. मालक मूळचा सुतार. आधी तो लाकडी चाके करी. पण बोटीच्या दमट हवेत ती फुगत, म्हणून पितळी पत्र्यातून चाके कापू लागला. मग आम्ही पेट्या भरभरून इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात उतरलो. पुढे कारखाना जळाला, तो कायमचाच. त्याचे नाव उरले ते माझ्या पोटात चिकटवलेल्या कागदावर.

लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या श्रीनिवासरावांनी मला जुन्या बाजारातून आणले. दर रविवारी ते किल्ली देत. ते गेल्यावर किल्ली त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंकडे आली. दसऱ्याला त्या मला हळदकुंकू लावत, झेंडू वाहत आणि मायेने चाकांत चमचाभर खोबरेल सोडत. थंडी पडली की मी थांबे.

"आई, तीन विंटर झाले, हे बंदच पडतं," त्यांचा मुलगा मिलिंद म्हणाला. "आतलं काढून बॅटरीचं बसवतो. बाहेरून सेम दिसेल."

"आणि रविवारी मी किल्ली कुणाला देऊ? बॅटरीला?"

 मिलिंदने मला टेबलावर आडवे केले. एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. वैजयंतीबाई किल्ली मुठीत आवळून उभ्या होत्या. मला ओरडताही येत नव्हते. तिसरा स्क्रू फिरू लागला.

"बाबा, वेट!" नात अन्वी टॉर्च घेऊन वाकली. "इथे आतल्या कागदावर लिहिलंय, फक्त घड्याळाचा तेल. एक थेंब. दुसरा कुठला नाही." तिने चाकाला बोट लावले. बोटावर थिजलेला पांढरा गोळा आला. "आजी, हा तर किचनमधला कोकोनट ऑइल!"

वैजयंतीबाईंचा चेहरा उतरला. "साताऱ्याला माझी आई हेच घालायची गं. तिथे कधी थिजलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं घड्याळ मीच..."

मिलिंदने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आई, घड्याळजीकडे नेतो. धुऊन देईल तो."

यंदा दसऱ्याला मला हळदकुंकू लागले, फूल मिळाले. चमचा स्वयंपाकघरातच राहिला. अन्वीने काडीच्या टोकावरून घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब सोडला. बाहेर आता गोठवणारी थंडी आहे, आणि मी चालते आहे.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. पण आधी आमच्या पोटातला कागद वाचा. ज्यांनी आम्हाला घडवले, त्यांना एवढेच सांगायचे होते.