मागेल तो दर

चौलला झालेल्या माडावर चढण्याच्या प्रशिक्षणात समारोपाचं भाषण ठोकलं ते रावजीशेठनी. "आज नारळ पाडायला माणूस मिळत नाही हो! कुशल पाडेली आला, तर मागेल तो दर देऊ!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात दीक्षाने वाजवल्या, कारण तिला ते खरं वाटलं.

बाकीची पोरं प्रमाणपत्रं घेऊन पनवेलला गाड्या चालवायला गेली. दीक्षाला गाव सोडायचं नव्हतं. चढायचं यंत्र खांद्याला अडकवून ती थेट रावजीशेठच्या वाडीत हजर झाली. शेठनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या, आणि सुकल्या नारळांचे घड नेमके पाहुण्यांच्या गाड्या लागतात तिथे लोंबत होते. पुण्याची मंडळी तर तासाभरात टपकणार होती.

"दर तोच," शेठ म्हणाले. "भिकूला देत होतो तो."

भिकू म्हणजे दीक्षाचा चुलता. गुडघे जाईपर्यंत तो याच वाडीत चढला. दर वर्षी तो वाढ मागायचा आणि दर वर्षी शेठ त्याला चहा पाजायचे. दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, नारळाचा भाव कुठे गेला, बघा तरी."

"अगं, भिकू हातापायांनी चढायचा. तुझं यंत्र चढतं, तू नुसती उभी राहतेस. खरं तर कमीच द्यायला हवं."

"मग तुम्हीच चढा की!"

कुंपणाशी उभा असलेला भिकू फिसकन हसला. तिथेच बिनसलं. शेठनी बर्म्युडा वर ओढली आणि यंत्रावर पाय ठेवला. दीक्षाने कमरेचा पट्टा आवळून दिला. दोन पुरुष उंचीवर गेल्यावर शेठनी खाली पाहिलं आणि माडाला जी मिठी मारली, ती काही सुटेना. तेवढ्यात पुणेकर उतरले आणि त्यांनी मोबाइल बाहेर काढले.

"दीक्षा! बाय माझे! उतरव मला!"

"यंत्र उतरवेल, शेठ. तुम्ही नुसते उभे राहा."

"मागशील तो दर देतो!"

"हे भाषणातही म्हणाला होतात. माझ्या टाळ्या वाजवून झाल्यात. आकडा बोला."

शेठ आकडा बोलले. चांगला दुप्पट होता.

"मोठ्यानं. काकाला कमी ऐकू येतं."

भिकूचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते. तरी त्याने हात कानामागे धरला.