मधली सुट्टी

“काय वाट्टेल ते होवो, हाक मारायची नाही,” बेबीने तिसऱ्यांदा बजावलं.

“अगं बाई, कळलं! तोंडाला कुलूप लावते आणि किल्ली तुझ्या हातात देते. मग तर झालं?” आई पलंगावरून म्हणाली.

पन्नाशीला टेकली तरी आईच्या लेखी ती बेबीच. बांधकाम कंपनीत लोकांच्या मागे लागून कामं पुरी करून घेण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण कंपनीला नवे मालक आले आणि त्यांनी फर्मान काढलं, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर महिनाअखेरीला घरी बसा. घरी बसून आईचं औषधपाणी कसं व्हायचं? एकदा ती नापास झालीच होती. आता ही शेवटची संधी.

परीक्षा घरातूनच द्यायची, कॉम्प्युटरसमोर. कॅमेऱ्यातून कुणी परका माणूस टक लावून बघत बसणार. फोन जवळ नको. खुर्ची सोडली, तोंड उघडलं की परीक्षा रद्द. उठायचं ते मधल्या सुट्टीत, तेही दहा मिनिटं.

तयारीत आईही होतीच. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंग सुटला नव्हता, पण चष्मा लावून ती प्रश्न वाचून दाखवायची. “जोखीम दिसली तर आधी काय कराल? मी तर बाई पळ काढीन!” असं म्हणून स्वतःच हसायची. सराव परीक्षेच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घ्यायची नाही. प्यायलंच नाही तर लघवीचं भांडं मागायची वेळ येणार नाही, हा तिचा हिशेब. हाड मोडलं तरी त्या बाबतीत तिचा ताठा शाबूत होता. आजवर एकदाही तिने चादर खराब होऊ दिली नव्हती.

बेबीनेही सगळ्या जोखमींचा विचार केला होता. वीज गेली तर कॉम्प्युटरला बॅटरी होती आणि आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या.

पेपर बरा चालला होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत काकूंचा फोन वाजला. “अगंबाई, जिन्यात पडले? आले, आले!” आणि बाहेरचं दार धाडकन लागलं. काकूंचे यजमान पडले असणार.

मग दबक्या आवाजात, “बेबी...”

बेबीने पडद्यावरची नजर हलू दिली नाही.

“बेबी, भांडं गं.”

सुट्टीपर्यंत अजून बरेच प्रश्न होते. तिने धडाधड उत्तरं द्यायला सुरुवात केली. वाचलं न वाचलं, दाबलं बटण. थांब गं आई, आले, थोडीच कळ काढ, ती मनातल्या मनात विनवत होती.

आणखी एक हाक आली, आधीपेक्षाही हळू. मग काहीच नाही. काकू आल्या वाटतं, देवच पावला! बेबीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि उरलेले प्रश्न नीट, सावकाश वाचून सोडवले.

सुट्टी झाली तशी ती धावली. खोलीत काकू नव्हत्या. आईने पांघरूण दोन्ही मुठींत घट्ट धरून हनुवटीपर्यंत ओढलं होतं. वास बेबीला दारातच आला.

“मी फार मोठ्याने नाही ना गं ओरडले?” आईने विचारलं. “त्या माणसाला ऐकू गेलं का?”

“नाही गं आई.”

“मग जा, बस.”

“आधी चादर बदलते.”

“दहा मिनिटांत होतं का ते? तुलाही ठाऊक आहे, मलाही.” बेबीने पांघरुणाला हात लावला तशी आईने मुठी आणखी आवळल्या. “पेपर झाल्यावर बघ. तोवर माझ्याकडे बघू नकोस. जा म्हणते ना!”

बेबी गेली. करणार काय? खुर्चीत बसली, पडद्यावर प्रश्न आला आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं.

पडद्याच्या कोपऱ्यात त्या परक्या माणसाचा निरोप उमटला. चेहरा दिसत नाही, कृपया हात बाजूला घ्या.

तिने हात बाजूला घेतले आणि प्रश्न वाचायला घेतला.