मला पाजलेलं होडीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, पण बिचारी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जुन्या वस्तूची गोष्ट म्हटली की तुम्ही लगेच डोळे ओले करून बसता. मी मढच्या कोळीवाड्यात राहते. खाऱ्या हवेने माझा सायलेन्सर दोनदा खाल्ला आणि मडगार्ड एकदा. इंजिन मात्र अजून कारखान्यातून आलं तेच आहे.

चौदा वर्षांपूर्वी चंदरने मला मालाडच्या शोरूममधून आणलं. हार घातला, नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या पाठीवर बर्फाची लादी ठेवली. त्याबद्दल तक्रार नाही. मी कामासाठीच जन्मले होते. बर्फ, डिझेलचे कॅन, जाळ्याचा दोरा, सगळं वाहिलं. एकदा त्याची शाळकरी पोर कल्पिता तापाने फणफणली होती. तिची आई सोनूबाई तिला पोटाशी धरून मागे बसली आणि चंदरने मला दवाखान्यापर्यंत असं पळवलं की माझ्या इंजिनाला चटके बसले. परत आल्यावर त्याने माझ्या टाकीवरून हात फिरवला. तो हात मी विसरलेली नाही.

पुढे चंदरचे गुडघे गेले. होडी भावाच्या पोरांकडे गेली आणि मी कल्पिताकडे आले. ती मोबाइलवर मासळीची ऑर्डर घेते, फेरीबोटीत मला चढवते, समोर वर्सोव्याला उतरते आणि अंधेरीतल्या घरोघरी पापलेट, सुरमई पोचवते. घर त्यावर चालतं. गावातल्या दोन-चार शहाण्यांनी टोमणे मारले की पोरगी बुलेट राणी झाली. अरे, मी शंभर सीसीची आहे. टोमणा तरी अभ्यास करून मारा.

आता माझ्या आजाराबद्दल सांगते. चंदरच्या घरची एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा होते आणि त्या दिवशी तिच्या इंजिनाला नवं तेल मिळतं. घरातलं दुसरं इंजिन म्हणजे मी. मग मलाही त्याच दिवशी नवं तेल. दरवर्षी गल्लीतला मेकॅनिक अनंत माझं तेल स्वतःच घेऊन यायचा. यंदा अनंत दुकान बंद करून गावी गेला होता. चंदर दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्याशेजारी बसला, जुनं तेल काढलं आणि पुतण्यांच्या होडीला घालून कॅनमध्ये उरलेलं तेल मला पाजलं. घरातलं सगळ्यात भारी तेल. वर हळदकुंकू लावलं. मित्रांनो, इतक्या मायेने मला कधीच कोणी काही दिलं नव्हतं, आणि इतकं चुकीचंही.

दोन आठवड्यांत माझा क्लच घसरायला लागला. एक्सलेटर पिळला की मी नुसतीच ओरडायची, चाक ओढायचं नाही. एका सकाळी ओहोटी होती. वर्सोव्याला बोटीतून धक्क्यावर जाणारी फळी उभी झाली होती. मी अर्ध्या फळीवर अडकले आणि मागे घसरू लागले. दोघा उतारूंनी मला धरलं म्हणून कल्पिता पाण्यात पडली नाही. मागे बांधलेला मासळीचा खोका मात्र उलटला. बर्फ आणि पापलेटं फळीवरून खाडीत गेली. काही लोक हसले. कल्पिता हसली नाही, रडलीही नाही. तिने ज्या घरांना कबूल केलं होतं त्या सगळ्यांना एकेक फोन केला.

संध्याकाळी चंदरने हे ऐकलं. म्हणाला, गाडीचं वय झालं. उद्या ही तुला घेऊन पाण्यात जाईल. त्याने भंगारवाल्याला फोन लावला. गुरुवारी टेम्पो येणार असं ठरलं. कल्पिता म्हणाली की गाडी गेली तर ऑर्डर गेल्या. तो म्हणाला, ऑर्डर गेल्या तरी चालतील. बापाला भीती वाटली की तो ऐकत नाही, आणि त्याला भीती म्हणतही नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला ढकलत बोटीत चढवून वर्सोव्याला नंदकुमारच्या दुकानात घेऊन गेली. मोटारसायकलच्या सामानाचं छोटं दुकान. नंदकुमारने पहिला प्रश्न विचारला, तेल कुठलं घातलंय. तिने खाली बघत सांगितलं. तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याचा मान ठेवते. त्याने समजावलं की होडीच्या इंजिनाचा क्लच वेगळा असतो, पण माझ्यासारखीत इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच तेलात भिजतात. त्या प्लेटांनी एकमेकींना धरायला हवं. तेल चुकीचं असेल तर त्या घसरत राहतात.

कल्पिताने चमकदार सोनेरी डबा उचलला. सगळ्यात महाग तोच होता.

"ठेव तो," नंदकुमार म्हणाला. "भारी नको, हिचं घे. पुस्तक आहे का गाडीचं?"

सीटखालून दमटपणाने फुगलेलं पुस्तक निघालं. चौदा वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं. दोघांनी चिकटलेली पानं सोडवून माझ्या तेलाचा नंबर शोधला, दहा डब्ल्यू तीस. मग त्याने डब्याच्या मागची दोन बारीक अक्षरं दाखवली, एम आणि ए. ओल्या क्लचच्या मोटारसायकलला चालतं त्याची ती खूण. झाकणाचं सील तपासायला लावलं. तेल काढायच्या बोल्टाचा नवा वायसर दिला. डिझेलचं नरसाळं वापरू नको म्हणून बजावलं. जुनं तेल डब्यात भरून माझ्याकडे आण, मी पिंपात जमा करतो, म्हणाला. खाडीत तेल ओतून वर खाडीतली कोळंबी चाटूनपुसून खाणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

घरी तिने सामान ओट्यावर मांडलं आणि बापाला सगळं सांगितलं. चंदरने डबा उचलून मागची बारीक अक्षरं पाहिली.

"म्हणजे मीच मारली काय तिला?"

"मारली नाय, बाबा. तुझ्याकडं जे चांगलं होतं ते दिलंस. ते तिचं नव्हतं, एवढंच."

तो पाटावर बसला. कल्पिताने मला थोडा वेळ चालू ठेवून गरम केलं, मग त्याने बोल्ट सोडला. ते तेल माझ्यातून गेलं तसा माझा श्वास मोकळा झाला. नवा वायसर घालून तो नांगराच्या दोरासारखा बोल्ट आवळायला लागला, तर तिने त्याचा हात धरला. म्हणाली, बोल्टाचे आटे घालवशील. त्याने ऐकलं. नवं तेल ओतल्यावर काडी बुडवून पातळी तिनेच पाहिली.

खोटं कशाला बोलू, मी लगेच बरी झाले नाही. पहिल्या दिवशी थोडी घसरलेच. नंदकुमारच्या सांगण्यावरून त्यांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तेल बदललं. मग गुरुवार उजाडला. ओहोटी होती. चंदर म्हणाला, मी मागे बसतो, माझं वजन घेऊन चढली तरच खरं. वर्सोव्याच्या त्याच फळीवर कल्पिताने पहिला गिअर टाकला. माझ्या प्लेटांनी एकमेकींना धरलं. मी चढले. धापा टाकत, पण चढले.

वर आल्यावर चंदर उतरला आणि तिच्यापुढे उभा राहिला.

"पोरी, तुला काय पायजे, ते मी कधी विचारलंच नाय ना गं?"

"आता विचारलंस ना. मना ही गाडी पायजे."

त्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, टेम्पो आणू नको.

मित्रांनो, माझ्यासारख्या कितीतरी जणी तुमच्या जिन्याखाली उभ्या असतील. दसऱ्याला आम्हाला झेंडूचे हार घालता, तेवढ्याने आमचं पोट भरत नाही. आमचं पुस्तक उघडा. त्यात काय लिहिलंय ते वाचा. आणि वाचता येत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारायची लाज बाळगू नका. चंदरने साठाव्या वर्षी विचारलं. तुम्ही त्याच्यापेक्षा लहान आहात.