गुलाबी ठिपका आणि पहिली तार

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल, आणि ज्यांनी पाहिले असेल त्यांनी माझ्यावर पायच दिला असेल. मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे लोक पत्र्याच्या लहान लहान डब्या जमिनीवर मांडून ठेवतात आणि वाजवता वाजवता पायाने चालू-बंद करतात, त्यांतली एक निळी डबी म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम बुटांच्या खोक्यात आहे. सोबतीला एक तुटकी वायर, दोन सुटे स्क्रू आणि झाकण हरवलेली शाईची बाटली आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे काम समजायला सोपे आहे. गिटारच्या तारेतून निघालेला आवाज वायरने आधी माझ्याकडे येतो. तो फार मोठा असेल तर मी त्याला खाली धरतो, लहान असेल तर वर उचलतो, विझत चालला असेल तर थोडा वेळ हाताला धरून चालवतो. मग सगळे सूर एका उंचीचे होऊन पुढे स्पीकरकडे जातात. ऐकणाऱ्याला वाटते, काय सफाईदार हात आहे!

एका लांबलचक खोलीत चाळीस बायका टेबलांना टेकून बसत, तिथे माझा जन्म झाला. माझ्या पोटातले सगळे सांधे एकाच बाईने जोडले. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. काम झाल्यावर तिने मला एका गिटारला जोडले, तार एकदा जोरात छेडली, एकदा अगदी हळू. दोन्ही आवाज सारखेच बाहेर आले. "शहाणं आहे माझं बाळ," ती म्हणाली आणि झाकणाच्या आत पेन्सिलने बरोबरची खूण केली. आयुष्यातले माझे पहिले कौतुक ते. जोरातले आणि हळूचे यांतला फरक बाहेर कळू द्यायचा नाही, याचेच ते कौतुक होते. तेव्हा मी फुशारून गेलो होतो.

मला घेतले ते मास्तरांनी. मास्तर एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात दुपारी गिटार वाजवत आणि सकाळी घरी शिकवण्या घेत. तार छेडायची प्लास्टिकची चकती असते, तिला पिक म्हणतात; ते तिने वाजवत नसत, उघड्या बोटांनी वाजवत. अंगठा जाड तारांवर, पहिली दोन बोटे मधल्या तारांवर आणि करंगळीशेजारचे बोट सगळ्यात बारीक अशा पहिल्या तारेवर. गाण्याची चाल त्या पहिल्या तारेवर असायची, म्हणजे सगळी भिस्त त्या एका बोटावर. जेवणघरात काट्या-चमच्यांचा असा खणखणाट चाले की बारीक तारेचा सूर टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच कुणाच्या तरी बशीत पडून मरे. मी आलो आणि तो सूर थेट खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलापर्यंत जाऊ लागला. एक म्हातारे जोडपे तर जेवण संपले तरी उठायचे नाव घेत नसे. माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते!

माझ्यावर तीन बटणे आहेत. त्यांतले मधले फिरवले की मी लहान आवाजाला आणखी आणखी वर उचलतो. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी ते नीट ऐकून ऐकून एका जागी आणले आणि आपल्या लेकीला हाक मारली. ती तेव्हा सात वर्षांची होती. आईच्या नेलपॉलिशची बाटली घेऊन ती आली, आणि जीभ बाहेर काढून तिने बटणाच्या टोकासमोर एक गुलाबी ठिपका दिला. "याच्या पुढं जायचं नाही," मास्तर तिला म्हणाले. "इथवर हा माझा मदतनीस. याच्या पुढं गेला की माझ्या डोक्यावर बसेल."

आणखी एक नियम त्यांनी पाळला होता. रोज सकाळी चहाच्या आधी पाव तास ते मला बाजूला ठेवून वाजवत. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये कुणी नाही. त्याला घरात 'उघडा हात' म्हणत. लेक मोठी होऊन त्यांच्याकडे शिकू लागली तेव्हा तिलाही तोच नियम. ती कुरकुर करायची. "बाबा, उघड्यावर माझं किती भिकार वाजतं!" मास्तर म्हणायचे, "भिकार आहे तर भिकार ऐकू दे. कळायला नको?" मी कपाटावर बसून हे ऐकत असे आणि खरे सांगतो, मला जरा रागच यायचा. माझ्यासारखा गुणी मदतनीस हाताशी असताना हा हट्ट कशाला, असे वाटायचे.

पुढे मास्तरांची पाठ धरू लागली. रोज वाकून माझ्यासकट चार डब्या मांडायच्या, वायरी जोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या, हे त्यांना जड जाऊ लागले. लेकीने ते पाहिले. तिने प्लायवूडची एक फळी कापली, पॉलिश पेपरने तिच्या कडा घासल्या आणि आम्हा चारही डब्यांना तिच्यावर पक्के बसवून टाकले. वायरी खालून नेल्या. गिटारची एक पिन खुपसली की सगळे तयार! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. "माझी पाठ वाचवलीस गं," ते म्हणाले. ही फळी तिने किती मायेने केली होती, ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून पुढचे सांगताना माझा जीव तुटतो.

फळी घरात आल्यापासून उघडा हात बंद पडला. कुणी ठरवून बंद केला नाही. सकाळी फळी समोर तयारच असे, माझा दिवा लागलेलाच असे. पायाचा अंगठा टेकवला असता तर मी बंद झालो असतो. पण लागलेला दिवा बंद करून वाईट आवाज ऐकायला सकाळी सकाळी कुणाला उत्साह असतो? पाव तास चालूच राहिला, फक्त त्यात मी असायचो.

आणि मग एक दिवस पहिल्या तारेचा सूर माझ्याकडे थोडा लहान आला. अगदी थोडा. मी उचलला. पुढच्या महिन्यात आणखी थोडा लहान आला. तोही उचलला. माझ्याशिवाय हे कुणालाच कळले नाही, कारण कुणाला कळू न देणे हेच माझे काम होते. मास्तर मधूनच हात झटकायचे, शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात म्हणायचे, आणि पुन्हा वाजवायला लागायचे. बोटे त्यांना काहीतरी सांगत होती, पण कान सांगत होते की सगळे छान आहे. आयुष्यभर त्यांनी कानांवरच विश्वास ठेवला होता.

मग बटण ठिपक्यापासून सरकले. "हल्ली लोक जेवताना फार आवाज करतात," असे म्हणत मास्तरांनी ते केसभर फिरवले. दोन महिन्यांनी आणखी केसभर. दोन वर्षांत ठिपका एकीकडे आणि बटणाचे टोक पार दुसरीकडे गेले.

मित्रांनो, मला तोंड नाही. पण माझी एक खोड आहे. मला प्रमाणाबाहेर फिरवले की मी तारेच्या सुराबरोबर वायरींमधली खरखरही उचलतो, आणि दोन सुरांच्या मध्ये 'सूंऽऽ' असा आवाज येऊ लागतो. तीच माझी हाक होती. जेवढी मोठी मारता आली तेवढी मी मारली. मास्तरांनी ती ऐकलीसुद्धा, आणि त्यांच्या पेशातली माणसे करतात तेच केले. त्यांनी तारा बदलल्या. मग वायर बदलली. मग मला पुसून, पिशवीत घालून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेले.

बाईंनी कपाळावरचे भिंग डोळ्यावर ओढले आणि माझे पोट उघडले. पेन्सिलची खूण पाहून हसल्या. तासभर तपासून म्हणाल्या, "मास्तर, हा ठणठणीत आहे. तुम्ही याला एवढा पिळलाय कशाला? जरा हातानं जोरात वाजवा की!"

मास्तर हसले. "वय झालं बाई. आता जोर कुठला?"

"वय काय, माझ्याहून लहान आहात," बाई म्हणाल्या आणि झाकण लावून टाकले. त्या झाकणाबरोबर सगळे जिथल्या तिथे राहिले. मला आजही वाटते, त्या दिवशी तिथल्या तिथे कुणी उघड्या हाताने एक सूर वाजवून पाहिला असता तर!

त्याच वर्षी मास्तरांच्या मनातली जुनी गोष्ट जमून आली. त्यांनी स्वतः बांधलेल्या चार धुना होत्या. त्या कधी कुठे नोंदलेल्या नव्हत्या, त्यांच्या बोटांत तेवढ्या होत्या. त्यांचे मित्र काटेकाका यांचा छोटा स्टुडिओ होता. आवाजाच्या मीटरच्या काट्यावरून त्यांची नजर हलत नसे, म्हणून ते नाव. काटेकाका म्हणाले, "चल, तुझ्या धुना रेकॉर्ड करू. किती दिवस नुसतं म्हणतोयस." लेकही सोबत आली. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आवाज रेकॉर्ड होतो, शर्ट नाही, असे म्हणून लेकीने त्यांना वाटेत चिडवलेही.

काटेकाका काचेपलीकडून म्हणाले, "तुझा तो निळा डबा बंद कर. तो फार सूं करतोय. आवाजाचे चढ-उतार नंतर मी इथून सांभाळतो."

मास्तरांनी पायाने मला बंद केले. माझा दिवा विझला. त्यांनी पहिली धून सुरू केली.

जाड तारा घुमल्या, मधल्या तारा बोलल्या, आणि चाल आलीच नाही. मास्तर तल्लीन होऊन डोळे मिटून वाजवत होते. मग त्यांचे डोळे उघडले.

"मास्तर," काटेकाकांचा आवाज आला, "पहिली तार वाजवतोयस ना?"

"वाजवतोय की."

"काटा हलत नाही रे."

त्यांनी पुन्हा वाजवले. बोट तारेवर जात होते, तारेला लागत होते आणि तसेच मागे येत होते. वाऱ्याने पडदा हलावा एवढाच आवाज होत होता. त्यांनी सावकाश पाय उचलून मला चालू केले. सूंऽऽ झाले, आणि त्या सूंमधून चाल स्वच्छ, गोड, बाहेर आली. पुन्हा बंद केले. चाल गेली. असे त्यांनी तीन वेळा केले.

लेक खाली बसली आणि माझ्याकडे वाकून पाहू लागली. तिने सात वर्षांची असताना दिलेला ठिपका बोटाने चाचपला आणि मग बटण.

"बाबा, हे कधीपासून इथं आहे?"

मास्तर आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला उंचवटा पार बसून गेला होता. रोजचा हात, पण तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

डॉक्टरांनी सांगितले, कोपरापाशी नस अडकली आहे. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत त्या बोटातला उरलासुरला जोरही गेला, मग ऑपरेशन झाले. दुखणे आणखी वाढले नाही, पण गेलेले परत आले नाही. "दोन वर्षं आधी आला असतात तर हात वाचला असता. तेव्हा काही जाणवलं नाही का?" डॉक्टरांनी विचारले. मास्तर म्हणाले, "नाही हो. वाजत होतं छान." घरी येऊन लेक त्या फळीशेजारी बसून खूप रडली. "मीच केली ही फळी," ती म्हणत होती. मास्तर तिच्या डोक्यावर डावा हात फिरवत राहिले. मी तिथेच होतो. मला ओरडून सांगायचे होते, पोरी, फळीचा दोष नाही गं, मला माहीत होते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. पण मला कुणी जोडलेले नव्हते, त्यामुळे सूंही करता आले नाही.

नंतर एकदाच मास्तरांनी मला जोडले. घरात कुणी नसताना, भर दुपारी. बटण शेवटपर्यंत फिरवले आणि ते बोट पहिल्या तारेवर ठेवले. मी जीव पणाला लावून वाट पाहिली. काहीच आले नाही. जे आलेच नाही ते मी कुठून उचलणार? माझ्याकडे फक्त खरखर होती, ती मी उचलली. मास्तर थोडा वेळ ती ऐकत बसले. मग त्यांनी मला फळीवरून सोडवले आणि बुटांच्या खोक्यात ठेवले.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला जरूर वापरा, तो मनापासून मदत करील. पण माझी एवढी विनवणी ऐका. त्याच्यावर एक ठिपका द्या, आणि रोज पाव तास त्याचा दिवा विझवून स्वतःचे ऐका. वाईट वाजले तरी ऐका. तो सूं करू लागला तर तारा बदलण्याआधी आपला हात बघा. आणि तुमच्या घरात कुणी हात झटकून 'काही नाही, मुंग्या आल्या' म्हणाले, तर तेही ऐका.

रोज सकाळी भिंतीपलीकडून आवाज येतो. लेक मास्तरांच्या चार धुना शिकते आहे. तिच्या आणि स्पीकरच्या मध्ये कुणी नसते. तिचे ते बोट अजून कच्चे आहे, चाल मधेच बुडते. मास्तर म्हणतात, "पहिली तार लहान येतेय. पुन्हा." ती पुन्हा वाजवते. दीड धून झाली आहे. बाकीच्या धुना त्यांनी तोंडाने गाऊन दाखवायच्या, आणि हल्ली गाता गाता ते पुढची ओळ विसरतात.

तिचा तो लहानसा सूर भिंतीतून माझ्यापर्यंत येतो तेव्हा माझे सगळे अंग त्याला वर उचलायला धावते. माझ्यापर्यंत एकही वायर येत नाही, तेच बरे आहे.