मोहाखालचे दहा कॉल

“या एका झाडाखाली तुम्ही रोज दहा डॉक्टर भेटता, हेमराजभाऊ?” दिव्यानी मॅडमनी मोबाइल पुढे धरला. नकाशावर एकाच ठिपक्यावर दहा नावं चढली होती.

“डॉक्टर त्यायच्या त्यायच्या गावीच भेटतेत, मॅडम. टावर फक्त इथी भेटते.”

हेमराज औषध कंपनीचा एमआर. चोवीस वर्षं गडचिरोलीत एटापल्लीच्या अंगाला डॉक्टरांचे उंबरे झिजवत होता. मोटारसायकल तिसरी, मॅनेजर अकराव्या, या दिव्यानी मॅडम. आधीचे मॅनेजर नागपुरात बसून फोनवर भागवत. आता ॲप आलं होतं. डॉक्टर भेटला की तिथूनच बटण दाबायचं, म्हणजे कॉल झाला. पण जंगलात टॉवर कुठला? म्हणून तो संध्याकाळी चढावरच्या या मोहाखाली थांबे आणि दिवसभराचे कॉल एकदम टाकी. कंपनीला वाटलं, गडी झाडाखाली झोपा काढतो. मॅडम आज खातरजमा करायला कंपनीची गाडी घेऊन सोबत आल्या होत्या. एक जरी कॉल खोटा निघाला, तर नोकरी गेली. पन्नाशीतल्या एमआरला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही, आणि घरी मुलगी साधना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

दुपारपर्यंत सहा डॉक्टर झाले. सगळ्यांनी त्याला नावानं हाक मारली. एकानं तर मॅडमनाच सुनावलं, “याले बदलू नका. पूल बुडते, तरी हा मानूस येते.” मॅडमचा चेहरा निवळला. सूरजागडच्या लोहखाणीतून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ दोघांच्या कपड्यांवर सारखीच बसली होती. हेमराज मात्र यादी पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. सातवं नाव डॉ. बोरकुटेंचं होतं.

डॉक्टरांच्या घरासमोरच्या बाकावर हेमराज सवयीनं बसला, खिशातली टाय काढून गळ्यात अडकवली. पेशंट संपेपर्यंत एमआरनं बाहेर बसायचं, हा डॉक्टरांचा नियम. आज आत एकही पेशंट नव्हता. डॉक्टरांच्या पत्नी इंदुताई पाणी घेऊन आल्या.

“आले का भाऊ? या महिन्यात उशीर केला.”

“डॉक्टरसाहेब आहेत?” मॅडमनी विचारलं.

“ते तर दसऱ्याले गेले न, बाई.”

बाहेर फाल्गुनाचं ऊन होतं. इंदुताई चहा टाकायला आत वळल्या. मॅडमनी मोबाइल पाहिला. दसऱ्यानंतर पाच कॉल. पाचही वेळा ‘डॉक्टर भेटले’.

“हे काय, भाऊ?”

“नाव काढा म्हनून दोनदा मेल केला. उत्तर नाई आलं. यादीत एक नाव सुटलं की ॲप रिपोर्ट घेतच नाई.” त्यानं टायची गाठ चाचपली. “अन् मी येतो तर खरंच. दहा मिंटं बसतो. नवा होतो तवा या मानसानं मले आपल्या ताटात जेवू घातलं, मॅडम.”

मॅडमनी आवाज उतरवला. “लिहा, मागच्या आठवड्यात वारले. पाचही कॉल खरे होतील. मी मंजूर करते. इथे कोण बघायला येतंय?”

त्यांना खरंच त्याला वाचवायचं होतं. त्याही थकल्या होत्या, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलं होतंच. हेमराजनं त्यांचा मोबाइल हातात घेतला. तपासणीच्या रिपोर्टात मृत्यूच्या तारखेचा रकाना रिकामा होता. साधना डोळ्यांपुढे आली. उघड्या दारातून डॉक्टरांचा हार घातलेला फोटो दिसत होता.

“नाई होत, मॅडम. खोटं टाकलं, त्याचं माह्यं मी पाहीन. पन मानूस दसऱ्याले गेला. नोकरीसाठी त्याले आनखी पाच महिने मी नाई जगवत.”

त्यानं दसऱ्याची तारीख लिहिली.  इंदुताईंनी चहा आणला, तिघांनी तो प्यायला.

“पुढच्या महिन्यात लवकर या, भाऊ.”

“येतो,” तो म्हणाला.

परतताना गाडी चढावर थांबली. मॅडम आतच बसून राहिल्या, दुसरीकडे बघत. चेंगरलेल्या मोहफुलांचा वास सुटला होता. झाडाखाली रेंजच्या दोन काड्या आल्या. हेमराजनं मॅडमच्या मोबाइलवर बटण दाबलं, दसऱ्याची तारीख कंपनीकडे गेली. मग टाय सोडली, तिच्यावरची लाल धूळ झटकली, नीट घडी केली आणि बॅगेत औषधांच्या नमुन्यांखाली ठेवून दिली.